चारही इंजेक्टर बदलायलाच लागतात का?

या महिन्यात आलेल्या प्रश्नांमध्ये निम्म्याहून जास्त प्रश्न इंजेक्टरचेच निघाले, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधनाचा फवारा मारणाऱ्या भागाचे, ज्याला गॅरेजमध्ये सरसकट नोझल म्हणतात. पावसाळा सरला की असं होतंच, कुठे डिझेलमध्ये पाणी आलेलं असतं, कुठे गाडी दोन-दोन महिने ओलीत उभी असते आणि मग दिवाळीला गावी जायचं म्हटल्यावर बिघाड लक्षात येतो. म्हणून क्लच, एसी, बॅटरीवाल्यांनी पुढच्या अंकाची वाट बघा, या वेळी सगळी जागा इंजेक्टरला.

माझी २०१३ ची डिझायर डिझेल आहे, १ लाख ४२ हजार किमी झालेत. सकाळी थंड असताना एका सेल्फला चालू होते पण हायवेला चहाला थांबून परत चालू करायला गेलं की आठ-दहा सेकंद नुसती फिरत राहते. आयडलला थरथर आहे, ॲव्हरेज २१ वरून १७ वर आलंय. गॅरेजवाले म्हणतात चारही नोझल गेले, चारही नवीन टाका. आकडा ऐकून मी गाडी तशीच घरी घेऊन आलो. एकदम चारही जातात का हो?
— एक वाचक, संगमनेर

गाडी घरी आणलीत ते बरं केलंत. त्यांनी टेस्ट काय केली ते तुमच्या पत्रात कुठेच नाहीये, म्हणजे बहुतेक केलीच नसावी, आणि टेस्ट न करता चारही बदला म्हणणं मला अजिबात पटत नाही. चारमधले दोन-तीन ठणठणीत असू शकतात, किंवा चारही चांगले आणि दुखणं भलतीकडेच, असंही निघतं. मग साठ-सत्तर हजार घालून गाडी जशीच्या तशी, आणि जुने इंजेक्टर कुठे गेले ते कुणालाच माहीत नाही.

आधी तुमची गाडी गरम असतानाच का अडते ते समजून घ्या, मग पुढचं सोपं आहे. तुमच्यात फियाटचं १.३ मल्टीजेट इंजिन आहे, हेच स्विफ्टला, रिट्झला, पुंटोला, लिनियाला, व्हिस्टाच्या क्वाड्राजेटला होतं, आपल्या पुण्याजवळ रांजणगावला बनायचं आणि मारुतीवालं मानेसरला. यात पंप डिझेल दाबून एका जाड नळीत म्हणजे रेलमध्ये भरून ठेवतो आणि तिथून ते चारही इंजेक्टरला जातं, म्हणून या पद्धतीला कॉमन रेल म्हणतात. जोर किती, तर पूर्ण लोडला १४०० बारच्या आसपास. टायरमध्ये आपण सव्वादोन बार हवा भरतो, त्यावरून अंदाज घ्या. आता एवढ्या दाबाविरुद्ध इंजेक्टरमधली सुई त्या छोट्या कॉइलने थेट उचलली जात नाही, कॉइल फक्त वरची एक बारीक झडप उघडते, त्यामुळे सुईच्या डोक्यावरचा दाब उतरतो आणि खालच्या दाबाने सुई आपोआप वर उचलली जाते. वरून सुटलेलं थोडं डिझेल रिटर्न पाइपने परत टाकीकडे जातं. हे प्रत्येक इंजेक्टरमध्ये नुसत्या आयडलला मिनिटाला चारशेच्या वर वेळा होतं, आणि मल्टीजेट असल्यामुळे दर वेळी एकच फवारा नाही, त्याचेही तुकडे केलेले असतात. वर्षानुवर्षं चालून, त्यात डिझेलमधली माती आणि पाणी, त्या झडपेची बारीक गोळी आणि तिची बैठक झिजते आणि मग झडप बंद असली तरी डिझेल रिटर्नला गळत राहतं.

थंड डिझेल जरा जाड असतं म्हणून सकाळी भागून जातं. गरम झालं की पातळ होतं, गळती वाढते, सेल्फवर पंप हळू फिरत असतो त्यामुळे तो जेवढं भरतो तेवढं रिटर्नने निघून जातं आणि रेलमध्ये प्रेशर चढतच नाही. दोनशे-अडीचशे बारच्या पुढे गेल्याशिवाय ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडायची ऑर्डरच देत नाही, म्हणून गाडी नुसती फिरत राहते. तुमची लक्षणं याच्याशी जुळतात, म्हणजे गॅरेजवाल्याचा संशय चुकीचा नाहीये, पण संशय आणि निदान यात फरक आहे ना.

तर दुसऱ्या कुठल्या तरी चांगल्या ठिकाणी, शक्यतो जिथे डिझेल पंप आणि नोझलचं काम चालतं तिथे, जाऊन दोन गोष्टी करून घ्या. एक म्हणजे स्कॅनर लावून गरम इंजिनवर सेल्फ मारताना रेल प्रेशर किती चढतंय ते बघायचं आणि आयडलला प्रत्येक सिलिंडरचं करेक्शन बघायचं. ईसीयू प्रत्येक सिलिंडरला डिझेल कमी-जास्त करून इंजिन सारखं चालवायला बघतो, ते आकडे शून्याच्या आसपास पाहिजेत, एखादाच आकडा बाकीच्यांपासून लांब पळालेला असेल तर तिथे बोट ठेवा. पण लगेच इंजेक्टर म्हणू नका, त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (हवा दाबून धरायची ताकद) कमी असलं तरी तसाच आकडा येतो, म्हणून कॉम्प्रेशन पण चेक करायला सांगा.

दुसरी टेस्ट बाटल्यांची, आणि ही स्वतः उभं राहून बघा. चारही इंजेक्टरच्या डोक्यावरचे रिटर्न पाइप काढतात, टाकीकडे जाणारा पाइप बंद करतात, आणि प्रत्येकावर पारदर्शक नळी लावून ती एकेका आखलेल्या बाटलीत सोडतात. मग गाडी गरम करून दोन-तीन मिनिटं आयडलवर. चांगल्या इंजेक्टरच्या बाटलीत तळाला थोडंसं डिझेल जमतं, आणि बिघडलेल्याची बाटली डोळ्यादेखत भरत जाते, तिथे समजावून सांगायला मेकॅनिक लागत नाही. एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट भरली तर तोच चोर. चारही सारख्याच जास्त भरल्या तर मात्र चारही झिजलेत आणि गॅरेजवाला बरोबर होता. चारही बाटल्या कमी भरल्या आणि तरी प्रेशर चढत नसेल तर इंजेक्टरला हात लावू नका, पंप, रेलवरचा प्रेशर व्हॉल्व्ह, चोंदलेला डिझेल फिल्टर, कुठे हवा धरतेय का, हे बघा. क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणारा) गरम झाल्यावर दगा देतो तेव्हा पण अगदी असंच होतं आणि तो त्या मानाने फारच स्वस्त आहे. (ही बाटलीची टेस्ट पिझो इंजेक्टरवाल्या गाड्यांना अशी उघडी करायची नाही, त्यांच्या रिटर्नला ठरावीक दाब लागतो. तुमच्यात साधे सोलेनॉइडचे म्हणजे वर सांगितलेले कॉइलवाले आहेत, तुम्हाला चालतं.)

एक-दोनच खराब निघाले तर तेवढेच करा. जोडीनेच बदलावेत असं काही नसतं, इंजेक्टर म्हणजे टायर नव्हेत. फक्त बाकीचे पण काढून बेंचवर, म्हणजे इंजेक्टर तपासायच्या मशीनवर, टेस्ट करून घ्या आणि रिपोर्टचा कागद मागा.

नवा की रिपेअर, हे तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल. गाडी २०१३ ची, म्हणजे रजिस्ट्रेशनची पंधरा वर्षं २०२८ ला भरतायत. पुढे रिन्यू करून वापरायची असेल तर नवा टाका, दोन वर्षांत विकायची असेल तर कॉमन रेलचं बेंच असलेल्या माणसाकडून नोझल (इथे फक्त फवाऱ्याचं टोक) आणि व्हॉल्व्ह बदलून घेतलेला इंजेक्टर पण नीट चालतो. 'बेंच असलेल्या' हे महत्त्वाचं आहे. जुन्या हातपंपाच्या टेस्टरवर फवारा दाखवून 'ओके आहे' म्हणणाऱ्याकडे कॉमन रेलचं काम देऊ नका, त्या टेस्टरवर तो दाबच येत नाही.

मी चाकणला कंपनीत फिटर आहे, टॉर्क रेंच, पाने, साधा स्कॅनर सगळं आहे. व्हिस्टा क्वाड्राजेटचा तीन नंबरचा इंजेक्टर टेस्टमध्ये खराब निघाला, दुसरा आणलाय. घरीच बदलायचा विचार आहे. काय काळजी घेऊ?
— एक वाचक, चाकण

तुमच्या हाताला कामाची सवय आहे म्हणून सांगतो, नाहीतर नको म्हटलं असतं. काम अवघड नाहीये पण यात घाई आणि घाण दोन्ही चालत नाही.

गाडी बंद करून थोडा वेळ जाऊ द्या, रेलचं प्रेशर उतरू द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा. मग पाना लावायच्या आधी सफाई. इंजेक्टरच्या भोवतीच्या खड्ड्यात माती, तेल, वाळू जमलेली असते, ब्रेक क्लीनर मारून कॉम्प्रेसरच्या हवेने उडवून टाका, कारण इंजेक्टर वर आला की ते सगळं सरळ सिलिंडरमध्ये पडणार. पाइप सोडताना इंजेक्टरचा षटकोन दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नुसता पाइपचा नट फिरवलात तर इंजेक्टरचा गळा पिळला जातो. पाइप काढला की दोन्ही तोंडांना टोपणं, टोपणं नसतील तर स्वच्छ नवीन प्लास्टिक, चिंधी कोंबू नका. इंजेक्टरच्या आत सुई आणि बॉडीमधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते, चिंधीचा एक धागा पुरेसा आहे.

क्लॅम्प (इंजेक्टरला दाबून धरणारी पकड) काढला तरी इंजेक्टर वर येणार नाही याची मनाची तयारी ठेवा. लाख-दीड लाख किलोमीटरचा कार्बन त्याला चिकटून बसलेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल सोडून ठेवा, सकाळी पाइप सोडायच्या आधीच इंजिन कोमट करून घ्या, मग षटकोनाला पाना लावून अगदी थोडं डावीकडे-उजवीकडे हलवा, सुटला की हाताला कळतं. नाही सुटला तर स्लाइड हॅमरवाला पुलर भाड्याने आणा आणि सरळ वर ओढा. खाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचा नाही आणि वरच्या कॉइलच्या डोक्यावर हातोडी तर नाहीच नाही. तरीही हलत नसेल तर तिथेच थांबा आणि गाडी टो करून नोझलवाल्याकडे न्या, कारण इंजेक्टर हेडमध्ये तुटला तर हेड उतरवायची वेळ येते.

आता वर आला की सगळ्यात आधी खाली कॉपर वॉशर दिसतो का बघा. तो बऱ्याचदा इंजेक्टरबरोबर न येता खड्ड्यातच बसून राहतो. टॉर्च मारा, वाकवलेल्या तारेने वर काढा. जुना तिथेच आणि वर नवा घातला तर नोझल तेवढा वर उचलला जातो, फवारा पिस्टनच्या खळग्यात जिथे पडायला पाहिजे तिथे न पडता भलतीकडे पडतो, धूर येतो आणि कुणाला कारण सापडत नाही. नवा वॉशर जुन्याच्याच जाडीचा, मोजून घ्या, तुमच्याकडे व्हर्नियर असेलच. जुना वॉशर तापवून परत वापरायची पद्धत काही मिस्त्री सांगतील, कॉमन रेलला ती करू नका, वॉशरची किंमत ती काय.

वॉशर बसतो ती जागा चकचकीत पाहिजे. त्याचा एक छोटा कटर मिळतो, त्याला ग्रीस लावून हाताने फिरवायचा, कार्बन ग्रीसला चिकटून वर येतो, आणि खालचं छोटं भोक आधी बंद करून घ्यायचं म्हणजे कचरा आत जात नाही. ड्रिलला लावून कटर फिरवू नका, जागा खोल जाते. आणि नोझलच्या टोकाला वायर ब्रश लावायचा नाही, त्याची भोकं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा थोडीशीच मोठी असतात.

बसवताना क्रम असा की इंजेक्टर ठेवा, क्लॅम्प सैल, पाइपचे दोन्ही नट हाताने पूर्ण फिरतायत ना बघा, मग क्लॅम्प टॉर्कला, मग पाइपचे नट टॉर्कला. उलटं केलंत तर पाइपवर ताण राहतो आणि तो पुढे कधीतरी चिरतो. क्लॅम्पचा बोल्ट नवीन घ्या. टॉर्कचे आकडे तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमधलेच घ्या, ऐकीव नकोत. चालू करायच्या आधी इग्निशन चार-पाच वेळा ऑन-ऑफ करून टाकीतल्या पंपाला लाइन भरू द्या, मग सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त एका दमात नाही. हवा काढायला जाड पाइपचा नट सैल करायचा नाही, खाली बार्शीवाल्यांच्या उत्तरात का ते लिहिलंय, नक्की वाचा.

आणि कोड! इंजेक्टरच्या डोक्यावर जे बारीक अक्षरं-आकडे कोरलेले असतात तो त्याच्या कारखान्यातल्या टेस्टचा निकाल असतो, हा नग किती प्रेशरला किती डिझेल कमी-जास्त सोडतो ते त्यात लिहिलेलं असतं आणि ईसीयू त्याप्रमाणे हिशोब करतो. तीन नंबरच्या जागी जुन्याचाच कोड राहिला तर ईसीयू जुन्याच्याच हिशोबाने नव्याला चालवणार, आयडलला खटखट, पिकअपला धूर. बसवायच्या आधीच मोबाइलने कोडचा फोटो काढून ठेवा, नंतर वर वायरिंग आलं की वाचता येत नाही. साध्या स्कॅनरमध्ये कोड लिहायची सोय नसते बऱ्याचदा, ती आहे का ते काम काढायच्या आधी बघा. रिपेअर केलेला इंजेक्टर असेल तर नव्या टेस्टनंतरचा नवा कोड दुकानदाराने द्यायला पाहिजे.

दोन महिन्यांपूर्वी गॅरेजमधून दोन इंजेक्टर रिपेअर करून घेतले. आता बोनेटमधून चक्-चक् असा शिटीसारखा आवाज येतो, एसी लावला की आत धुराचा वास येतो. गॅरेजवाले म्हणतात डिझेल गाडी आहे मॅडम, आवाज येणारच. बोनेट उघडून पाहिलं तर एका इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखं काळं साचलंय.
— एक वाचक, कुडाळ

ताई, तुम्ही जे बघितलंत ते अगदी नेमकं आहे आणि 'आवाज येणारच' हे उत्तर चुकीचं आहे. त्या इंजेक्टरखालचा कॉपर वॉशर बसलेला नाहीये, एकतर जुनाच लावलाय नाहीतर बैठक साफ न करता नवा लावलाय. तिथून सिलिंडरमधला जळता गॅस दर धमाक्याला वर येतोय, तोच चक्-चक् आवाज, आणि त्यातली काजळी बाहेर येऊन थिजते ते काळं डांबर. धुराचा वास आत येणं तब्येतीलाही वाईट, तोवर एसीची हवा आतल्या आत फिरती ठेवा आणि लांबचा प्रवास टाळा.

हे लगेच करून घ्या. जितके दिवस जातील तितकं ते डांबर घट्ट होत जातं आणि इंजेक्टर काढणं अवघड होतं, शिवाय तो गॅस हेडमधली बैठकच खाऊन टाकतो. नुसता क्लॅम्प अजून आवळून देतो म्हणाले तर नको म्हणा. इंजेक्टर काढा, बैठक कटरने साफ करा, नवा वॉशर आणि नवा क्लॅम्प बोल्ट घाला, असं शब्दाला शब्द सांगा, आणि काढलेला जुना वॉशर दाखवायला सांगा, त्याच्यावर काळा ओघळ दिसेल. काम त्यांच्याच हातचं आहे, दोन महिनेच झालेत, मजुरी त्यांनी घ्यायला नको. बिल असेल तर त्यावर बोट ठेवून बोला.

आमच्या गावचा मिस्त्री ट्रॅक्टरचं कोणतं सिलिंडर मिस करतंय ते चालू इंजिनवर एकेक नोझलचा पाइप सैल करून बघतो. माझी स्कॉर्पिओ सीआरडीई पण मिस करतेय. तिच्यावर हीच ट्रिक चालेल ना?
— एक वाचक, बार्शी

नाही. कृपा करून नाही, आणि तुमच्या मिस्त्रीदादांना पण हे वाचून दाखवा.

जुन्या ट्रॅक्टरला, जुन्या इंडिकाला हे चालायचं कारण तिथे पंपाची एकेक धार येते आणि नोझल शे-दोनशे बारला उघडतो, पाइप सैल केला की डिझेल ठिबकतं. तुमच्या सीआरडीईसारख्या कॉमन रेल गाडीत आयडललाही रेलमध्ये साधारण तीनशे बार कायम भरलेले असतात, ॲक्सिलरेटर दिला की हजाराच्या पुढे. नट सैल झाला की डिझेलची सुईसारखी धार निघते, ती कपडा आणि हातमोजा पार करून कातडीत घुसते. दिसायला टाचणी टोचल्याएवढं भोक, सुरुवातीला दुखतही नाही फार, माणूस फडक्याने पुसून काम चालू ठेवतो. पण आत डिझेल स्नायूंच्या थरांतून पसरत जातं, काही तासांत हात सुजतो, आणि वेळेवर ऑपरेशन करून साफ नाही केलं तर बोट, कधी हात काढायची पाळी येते. असं कुणाला झालं तर घरगुती उपाय नाही, मलमपट्टी नाही, तडक मोठ्या हॉस्पिटलमध्ये, आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं की हाय प्रेशर डिझेल आत गेलंय, नाहीतर जखम बघून तेही घरी पाठवतील. गळती शोधायला पण चालू इंजिनवर हात फिरवायचा नाही, लांबून पुठ्ठा धरायचा.

मिसिंग शोधायला तुमच्या गाडीत स्कॅनरवरून एकेक सिलिंडर बंद करता येतं, काही स्कॅनरमध्ये त्याला सिलिंडर कटऑफ टेस्ट म्हणतात. जो बंद केल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही तो आधीपासून काम करत नव्हता.

वॅगनआर सीएनजी, कंपनी फिटेड. गॅसवर मस्त चालते पण पेट्रोलवर टाकली की मिसिंग, झटके. पेट्रोल इंजेक्टर बदला म्हणतायत. पेट्रोल मी वापरतच नाही तर ते खराब कसे होतील?
— एक वाचक, पनवेल

वापरत नाही म्हणूनच. पेट्रोलचा इंजेक्टर पेट्रोलनेच धुतला आणि थंड होत असतो, तो महिनोन्महिने बंद राहिला की टोकाशी राहिलेलं पेट्रोल सुकून चिकट थर बसतो आणि सुई अडकते. तुमची गाडी सकाळी पेट्रोलवर चालू होऊन मग गॅसवर जाते, तेवढं एखादं मिनिट पुरत नाही. त्यात टाकीत तळाला सहा-सहा महिने तेच पेट्रोल.

पण बदलायची गडबड नको. पेट्रोलच्या या इंजेक्टरचं दुखणं डिझेलच्या मानाने अगदीच साधं असतं, प्रेशर फक्त तीन-चार बार. टाकीत दहा लिटर ताजं पेट्रोल भरा आणि ते संपेपर्यंत गाडी पेट्रोलवरच चालवा, बऱ्याच गाड्या एवढ्यानेच सुधारतात. नाही सुधारली तर इंजेक्टर काढून अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये साफ करून घ्या आणि चारही नळकांड्यांत (तुमचं तीन सिलिंडरचं इंजिन असेल तर तीन) फ्लो सारखा येतो का ते बघा, हे पण समोर उभं राहून बघण्यासारखं असतं. कॉइलचा रेझिस्टन्स मल्टिमीटरवर साधारण १२ ते १६ ओम यायला पाहिजे, एखादा अगदीच वेगळा आला तर तेवढा एक बदला. परत बसवताना ओ-रिंग नवीन आणि त्यांना थोडं इंजिन ऑइल लावून, कारण कोरडी रिंग बसवताना चिरते आणि पेट्रोल गरम इंजिनवर गळतं, आगीचा धोका असतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, जुन्या गाडीच्या रबरी रिंगा त्यासाठी बनलेल्या नसतील म्हणून इथेनॉलला चालणाऱ्याच मागून घ्या. यापुढे रोज सात-आठ किलोमीटर पेट्रोलवर चालवत जा.

इंजेक्टर क्लीनरच्या बाटल्या मिळतात त्या टाकून फायदा होतो का? आणि ओरिजिनल माल ओळखायचा कसा?
— एक वाचक, नाशिक

बाटलीने टोकाचा चिकटा थोडा निघतो, झिजलेली झडप भरून येत नाही. म्हणजे पनवेलवाल्यांना कदाचित उपयोग, संगमनेरवाल्यांना शून्य. त्या पैशांत डिझेल फिल्टर वेळेवर बदला आणि फिल्टरच्या बुडाचं पाणी काढा, डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागला असेल तर त्याच दिवशी. इंजेक्टर मरतात ते मुख्यतः इथेच, आणि नवा इंजेक्टर टाकून जुनाच फिल्टर ठेवणं मला बघवत नाही.

ओरिजिनलचं म्हणाल तर तुम्ही तर नाशिकचे, सातपूरला ज्याला जुने लोक अजून मायको म्हणतात त्या बॉशच्या कारखान्यात नोझल आणि इंजेक्टरच बनतात. डीलरकडूनच घ्या, बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या, बॉडीवरचं कोरलेलं नीट वाचता येतंय ना, बॉक्सवरचा नंबर आणि अंगावरचा नंबर तोच आहे ना बघा, तोंडाची टोपणं सीलबंद पाहिजेत. बाजारभावाच्या निम्म्यात 'बॉक्सपॅक' मिळत असेल तर तो डुप्लिकेट समजा किंवा रंग मारलेला जुना.

पंपावर डिझेल गाडीत चुकून दहा लिटर पेट्रोल भरलं, लक्षात आलं तेव्हा गाडी चालू केली नव्हती. आता वरून फुल डिझेल भरून पातळ केलं तर?
— एक वाचक, म्हापसा

नको. पंप आणि इंजेक्टरला वंगण डिझेलचंच असतं, पेट्रोल ते धुऊन काढतं, मग पंपाच्या आत धातूवर धातू घासून बारीक कीस निघतो आणि तो रेलमधून चारही इंजेक्टरमध्ये जातो. तेव्हा खरोखर चारही बदलावे लागतात, वर पंप आणि रेल. तुम्ही चालू केली नाहीत हे फार मोठं काम केलंत, आता चावी ऑनसुद्धा करू नका कारण चावीबरोबर टाकीतला पंप सुरू होतो. गाडी ढकलून बाजूला घ्या, टाकी पूर्ण रिकामी करून घ्या, फिल्टर नवा टाका, ताजं डिझेल भरून मग चालू करा. काढलेलं मिश्रण कुणाच्याही गाडीत घालू नका, आणि पंपाच्या मॅनेजरकडून काय भरलं ते पावतीवर लिहून घ्या, टाकी उतरवायचा खर्च मागायला ती लागेल.